कोल्ह्याच्या खुणेचं गाठोडं

पेनबुईने गाठोड्याची गाठ सोडली आणि सवयीने श्वास रोखला. वीस वर्षं नाईल नदीच्या काठी कपडे धुऊनही थडगी खोदणाऱ्यांच्या वस्तीतला हा वास त्याला सोसत नसे. घामाने ताठ झालेली धोतरं, पोरांनी भरवलेली दुपटी, आणि तळाशी बायकांची महिन्याची फडकी. शी! हात घालताना तो अजून तोंड फिरवायचा.

गाठोड्यावर कोल्ह्याची खूण होती, म्हणजे पाशेदचं घर. तळातलं लाल फडकं उचलून तो थबकला. वास नव्हता. माशीसुद्धा बसली नव्हती. चोळल्यावर बोटाला गेरू लागला, पाशेद थडग्याच्या भिंतींवर चढवतो तोच.

काय हा गाढवपणा! पाशेदच्या बायकोची, वबखेतची फडकी दोन महिने आलीच नव्हती. त्याआधी दोनदा तिचा गर्भ गळून गेला तेव्हाची फडकी पेनबुईनेच धुतली होती, आणि दोन्ही दिवशी त्याला भाकरी गेली नव्हती. आता पुन्हा दिवस गेलेले, म्हणून ती कोणाला कळू न देता अंथरुणाला पाठ लावून असणार आणि पाशेद तिच्या उशाशी.

"ए धोब्या!"

कामाची हजेरी घेणारा कारकून अनुपेम नाकाला शेला लावून उभा होता.

"पाशेद तीन दिवस कामावर नाही. बायको बाहेरची झालीय, म्हणून नियमाने सुट्टी म्हणतो. दाखव ते फडकं."

"बायकांचं फडकं बघायला एवढ्या उन्हात आलात, मालक?"

"जीभ आवर. खोटं निघालं तर शंभर छड्या आहेत त्याला."

पाशेदला गेरू रोज हाच कारकून मोजून देई. एका नजरेत ओळखला असता. पेनबुईला या माणसाची जेवढी किळस आली, तेवढी कुठल्या फडक्याची कधी आली नव्हती. गेरूचं फडकं त्याने पायाखाली सारलं, शेजारच्या बदकाच्या खुणेच्या गाठोड्यात हात खुपसला आणि काळं पडलेलं, घाण मारणारं एक फडकं कारकुनाच्या नाकाशी धरलं. माशा भणभणत उठल्या.

"घ्या. खूण कोपऱ्यात आहे, उलगडून बघा."

"अरे हट्! लांब कर ते!"

"हातात धरल्याशिवाय खूण कशी दिसणार?"

अनुपेमला ओकारी आली. दहा पावलं मागे सरून त्याने खापरीवर 'बायको बाहेरची' असं खरडलं आणि मागे न बघता तो निघून गेला.

संध्याकाळी पेनबुई धुतलेली गाठोडी घेऊन वस्तीच्या वेशीशी आला. वबखेत भिंतीला धरून सावकाश चालत आली. तिच्या गाठोड्यात सगळ्यात वर ते फडकं होतं, अजून तांबूस.

"गेरू जात नाही, पोरी," तो हळू आवाजात म्हणाला.

तिचा चेहरा उतरला. हात पोटावर गेला.

"काका, कोणाला..."

"पाशेदला सांग, रक्तावर माशा बसतात. पुढच्या महिन्यात कोरंच फडकं दे, बाकीचं मी बघतो. आणि गाठोडं उचलू नकोस. घरात आणून ठेवतो."