नाबूमाचं घाईचं कातोगो

केझिया शाळेत प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडली आणि लुटायाच्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर आली. तोवर ती बापलेकीतच होती. नाबूमा, म्हणजे लुटायाची बायको आणि केझियाची आई, गेल्यापासून पोरगी सकाळच्या अन्नाला शिवत नव्हती. दुपारी शाळेत मिळेल ते, रात्री पुढ्यात येईल ते निमूट खायची. सकाळी मात्र एक घास घ्यायची, बराच वेळ चावायची आणि वर पाणी पिऊन दप्तर उचलायची.

शाळेतून निरोप आला, तो भावकीत गेला आणि भावकी बसली. पोरगी नऊ वर्षांची, घरात बाई नाही, बाप उजाडताच कॉफीच्या गिरणीवर वजनं करायला जाणार. तिला आत्याकडं जिंजाला धाडावं, असं ठरलं. लुटायाला बोलायला जागा नव्हती. पोरीवर आत्याचा शब्द चालतो, हे बुगांडाच्या मुलखात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शनिवारी त्याची थोरली बहीण पेरुसी मसाकाला त्यांच्या घरी आली ती सोमवारच्या बसनं पोरीला घेऊन जायचं असं पक्कं करूनच.

पेरुसी तोंडाची तिखट होती, मनाची वाईट नव्हती. तिच्याकडं पोरीची आबाळ झाली नसती, हे लुटायालाही कळत होतं. पण केझिया गेली की त्या दोन खोल्यांत नाबूमाच्या आवाजात हसणारं कुणी उरणार नव्हतं. हे बहिणीला सांगायची त्याला लाज वाटली. तो एवढंच म्हणाला की थोडे दिवस दे, मी तिला खायला लावतो.

"कसा लावणार?" पेरुसी म्हणाली. "पोरीची पार काडी झालीय. सोमवारी सकाळी तुझ्या हातचं ताटभर खाऊन दाखवू दे तिला, मी एकटी परत जाते."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं. लुटायानं ते अट म्हणून धरलं.

पोरीला काय हवंय हे त्याला ठाऊक होतं. तिला आईच्या हातचं कातोगो हवं होतं. कातोगो म्हणजे काही सणावाराचं खाणं नव्हे. हिरवी केळी सोलून पानात गुंडाळायची, मंद वाफेवर तासन्‌तास ठेवायची, हे दुपारचं काम. सकाळी तेवढा वेळ कुणाला असतो? म्हणून तीच केळी पातेल्यात टाकायची, सोबत शेंगदाण्याचं कूट, टोमॅटो, कांदा, असली तर माठाची भाजी, आणि एकाच उकळीत सगळं शिजवून पोटभर खाऊन बाहेर पडायचं. मसाकात घरोघरी होतं. बसस्थानकाजवळच्या खाणावळीत आतड्यांचं मिळतं. ते त्यानं आणून पाहिलं होतं, केझियानं वासावरच नाक मुरडलं. मग तो स्वतः करू लागला. केळी एकसारखी कापायची, कूट चाळून घ्यायचं, मीठ चिमटीनं मोजायचं. आयुष्य तराजूपाशी गेलेला माणूस, दुसरं कसं करणार? शेजारणी कुंपणावरून बघत. केळ्यांच्या चिकानं त्याची बोटं काळी झाली तेव्हा एकीनं विचारलंही, की लुटाया, आता बायकांचा झगा कधी घालतोस?

अडचण अशी होती की नाबूमा कातोगो कसं करते, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. बायकांच्या स्वयंपाकात पुरुष डोकावत नाही. बारा वर्षं तो रोज सकाळी अंगणात स्टुलावर बसून बूट पुसायचा आणि आतून फक्त आवाज यायचे. नाबूमा शाळेत शिकवायची. आदल्या रात्री तपासायच्या राहिलेल्या वह्या ती शेगडीपाशी उकिडवी बसून तपासायची, मधेच उठून केझियाची वेणी घालायची, मधेच कुणाच्या तरी चुकीच्या गणितावर मोठ्यानं हसायची. पातेल्याचं झाकण थडथडायचं. मग एकदम धावपळ, एका पायात चप्पल, दुसरी सापडत नाही, आणि तीन ताटं अंगणात. तिघं एका चटईवर बसून खायची, बोटं भाजत, बोलत. लुटायाला त्या सकाळींचा वास आठवत होता, चव आठवत होती. कृती कुठून आठवणार?

ती एकाच माणसाला ठाऊक असणार होती, आणि ती व्यक्ती त्याची सासू होती.

जावयानं सासूसमोर यायचं नाही, तिच्या हाताला हात लावायचा नाही, तिच्यासोबत एका छपराखाली बसायचं नाही. हे मोडलं तर म्हातारपणी दोघांचेही हात थरथरतात, असं मानतात. यूनिया म्हातारी हे नियम कसोशीनं पाळणाऱ्यांतली. लुटाया आला की ती घराच्या मागच्या दारानं निघून जायची आणि दुरून कुशल विचारायची. लेकीच्या अंत्यविधीलाही ती केळीच्या बागेच्या पलीकडं बसली होती.

रविवारी चर्च सुटल्यावर लुटायानं सायकलला साखर, साबण आणि घरची शेगडी बांधली. पेरुसीनं विचारलं तर सांगितलं की सासुरवाडीला जाऊन येतो. शेगडी कशाला, असं तिनं विचारलं तेव्हा तो वळणावर पोचला होता.

म्हातारी अंगण झाडत होती. सायकल दिसताच तिनं खराटा टाकला आणि मागच्या स्वयंपाकाच्या खोपीत शिरली. लुटायानं रिवाजाप्रमाणे पाठ करून साखर-साबण दारात ठेवलं, खोपीच्या कुडाच्या भिंतीला टेकून बसला आणि सगळं सांगून टाकलं. शाळेतली चक्कर, भावकी, पेरुसी, उद्याची बस.

 मग आतून आवाज आला.

"म्हणजे मी इथं आतून बोलणार आणि तुम्ही तिथं बाहेर रांधणार?"

"हो, न्याबो." सासूला तो आदरानं न्याबो, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा.

"माझ्या नवऱ्यानं जन्मात सुरीला हात लावला नाही. बरं झालं बघायला नाही तो. पेटवा शेगडी."

केळी तिनंच दाराच्या फटीतून ढकलली, घडाच्या मधल्या फणीतली, भरलेली. मग एकेक सूचना कुडातून बाहेर येऊ लागली. सोललेलं केळं लगेच पाण्यात बुडवा, काळं पडतं. तळाला कांदा-टोमॅटो, वर केळी, पाणी केळी बुडतील इतकंच. मधे गार पाणी घालाल तर केळं अडून बसेल, मग दिवसभर शिजवत बसा. केळं अर्धं नरमल्याशिवाय कूट घालायचं नाही, आणि घालायचं ते कोमट पाण्यात कालवून. माठाची नुसती पानं, बारीक चिरून, अगदी शेवटी. डाव घालायचा नाही, पातेलं फडक्यात धरून हिसडायचं. लुटायानं हिसडलं की ती आतून आवाज ऐकायची आणि सांगायची, अजून पाणी आहे, बोलतंय बघा. एकदा म्हणाली, जावईबुवा, पोतं हिसडताय की पातेलं?

झालं तेव्हा त्यानं एक ताट फटीतून आत सरकवलं आणि दुसऱ्यातून स्वतः खाल्लं. इतकं चांगलं कातोगो त्यानं कधी खाल्लं नव्हतं. केळं लोण्यासारखं, कूट सायीसारखं लागलेलं, पानं हिरवीगार. पण हे ते नव्हतंच. हे घेऊन घरी गेलो तर केझिया एक घास घेईल आणि पाणी पिईल, हे त्याला पहिल्या घासालाच कळलं.

कसं झालंय, म्हातारीनं विचारलं. उत्तम, तो म्हणाला.

"मग गप्प का झालात? भिंतीआड असले म्हणून बहिरी नाही मी."

 सासूनं शिकवलेलं नाकारायचं, तेही तिच्या दारात बसून. शेवटी तो म्हणाला की न्याबो, हे फार सुरेख आहे, पण आमच्या घरी असं नव्हतं.

"कसं होतं?"

त्याला ते नीट सांगता येईना. चव सांगायची त्याला सवय नव्हती. मग म्हातारीच विचारू लागली, पोलिसानं विचारावं तसं. भाजीत देठं यायची का? यायची, दाताखाली कचकच लागायची. केळ्याचे तुकडे सारखे होते? नव्हते, एखादं अख्खंच, एखादं मोडलेलं. कूट कच्चट लागायचं? थोडं. तळाला करपायचं?

"रोज," लुटाया म्हणाला.

आतून एक आवाज आला. हसू आहे की रडू, हे त्याला ओळखू आलं नाही.

"म्हणजे सुधारली नाहीच कार्टी," म्हातारी म्हणाली. "बारा वर्षांची होती तेव्हा शाळेची घाई. सगळं एकदम पातेल्यात टाकायची आणि पुस्तक घेऊन बसायची. केळं हातानं मोडायची, सुरी धुवायला नको म्हणून. आळशाचं कातोगो म्हणायचे मी त्याला. मारलंय तिला त्यावरून. मला वाटायचं, नवऱ्याच्या घरी गेली, आता तरी माझ्यासारखं करत असेल."

लुटायाच्या तेव्हा लक्षात आलं की ही बाई आपल्या लेकीच्या संसारातलं काही कधी जेवलीच नव्हती. जावयाच्या घरी सासू पाणीसुद्धा पीत नाही. लग्न झाल्यापासून नाबूमानं जे काही रांधलं, त्यातला एक घास तिच्या आईच्या वाट्याला आला नव्हता.

आतून पुन्हा केळी बाहेर आली, या वेळी जरा जोरात ढकललेली.

"करा. तिच्यासारखं करा."

त्यानं केलं. केळी सोलली ती सालींचे हिरवे पट्टे ठेवूनच, हातानं मोडली, माठाची जुडी दोनदा पिळून तोडली, कूट मुठीनं टाकलं, टोमॅटो पातेल्यावरच चुरडला, मीठ अंदाजानं. एकदम, सगळं. झाकण ठेवलं. त्याचा हात सवयीनं पातेल्याकडं जात होता तेव्हा म्हातारी आतून म्हणाली की हात लावू नका, ती नाही लावायची, ती पुस्तक वाचत असायची. मग तो नुसता बसून राहिला. झाकण थडथडू लागलं. तो आवाज त्यानं ओळखला. थोड्या वेळानं करपल्याचा वास आला आणि तोही त्यानं ओळखला, अंगणातल्या स्टुलावरून, बूट पुसताना येणारा.

त्यानं ताट आत सरकवलं.  रिकामं ताट फटीतून बाहेर आलं तेव्हा त्यात माठाचं एक देठही उरलं नव्हतं.

"घाण झालंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "अंधाराच्या आत घरी जा. आणि उद्या उशिरा उठा, म्हणजे घाई होईल."

सोमवारी तो मुद्दाम उशिरा उठला. पेरुसीनं बोचकं बांधून दारात ठेवलं होतं, केझियाचे कपडे त्यात होते. केझिया गणवेशात, खाली मान घालून, चटईच्या कडेला. लुटायानं शेगडी पेटवली. एका हातानं केळं मोडायचं, दुसऱ्यानं गिरणीचा सदरा शोधायचा, अशी खरोखरच धांदल उडाली. भावाला उकिडवा बसून भाजी पिळताना पाहून पेरुसीनं कपाळाला हात लावला. हे काय कातोगो म्हणायचं, आपल्या आईनं बघितलं असतं तर पातेलं उकिरड्यावर ओतलं असतं, असं ती बरंच काही बोलत राहिली.  लुटायाला ते ऐकायला वेळच नव्हता.

करपल्याचा वास सुटला तशी केझियानं मान वर केली.

त्यानं तीन ताटं वाढली. पोरीनं पहिला घास घेतला, चावला, आणि पाण्याच्या पेल्याकडं हात नेला नाही. दुसरा घेतला. दाताखाली देठ आलं ते तिनं काढून ताटाच्या काठावर ठेवलं, दुसरं आलं तेही शेजारी ठेवलं. मग भराभर खाऊ लागली, बोटं भाजत. अर्धं झाल्यावर बोटं चाटत म्हणाली, "ताता, तळाचं काढ ना. आई मला तळाचं द्यायची."

लुटायानं पातेलं खरवडलं. त्याची पाठ बहिणीकडं होती, ते बरं झालं.

पोरगी शाळेत गेली. बसची वेळ झाली होती, पण पेरुसी उठली नाही. एका सकाळीनं काही सिद्ध होत नाही, असं तिनं जाहीर केलं. उद्याही खाल्लं पाहिजे. ती मंगळवारी राहिली, बुधवारीही राहिली. बुधवारी कूट फारच कच्चं राहिलंय म्हणून तिनं तक्रार केली आणि दुसऱ्यांदा ताट पुढं केलं. गुरुवारी तिनं बोचकं सोडून केझियाचे कपडे खुंटीवर टांगले. भावकीला काय सांगायचं ते मी बघते, म्हणाली, आणि मोकळ्या हातानं बसमध्ये चढली.