गोळीचे तीन दिवस

जमनाबाईंनी मागच्या खोलीत चटई पसरली, पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला आणि वाचनालयातली कादंबरी उशीखाली सरकवली.

"अक्का, शिवू नका हं. मी बाजूला बसलेय," त्यांनी दारातूनच सासूला सांगितलं.

"सरी," असा कानडीत होकार देत अक्का पदर खोचून स्वयंपाकघरात गेल्या.

बावन्नाव्या वर्षी हे असं! पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. अंगातून वाफा निघायच्या, झोप उडालेली. त्यात मधुमेह आणि बोटांचा जुना संधिवात. जयनगरच्या डॉक्टर कस्तुरींनी सगळ्या तपासण्या करून हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या.

"साखर दर महिन्याला तपासायची. पाकीट संपलं की पाळी आल्यासारखं होईल, घाबरू नका. काहींचं पुढे थांबतंही."

दोन महिन्यांत जमनाबाई रात्रभर झोपू लागल्या. पाळीही आली. ती पाळायची की नाही, यावर घरात वाद झाला.

"गोळीची असली तरी पाळी ती पाळीच," अक्कांनी निकाल दिला.

जमनाबाईंना आधी रागच आला. मग कळलं, कणीक मळायची नाही, नारळ खवायचा नाही, सुजरी बोटं मांडीवर ठेवून नुसतं वाचायचं. तरुणपणी हे दिवस मुलांच्या रडण्यात जायचे. आता मुलं आपापल्या घरी होती. पाकीट संपायची त्या वाट पाहू लागल्या.

मागच्या महिन्यात पाकीट संपलं, पण काहीच आलं नाही. या महिन्यातही नाही. चटई मात्र दोन्ही वेळा पसरली गेली.

तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, स्वयंपाकघरात पातेलं पडलं. पंच्याहत्तरीच्या अक्का 'अगं बाई' म्हणून कण्हल्या. पुस्तकातली ओळ जमनाबाईंना पुढे वाचवेना. आता सांगूनच टाकायचं, म्हणून त्या उठल्या, तोच अक्का दोन पेले कॉफी घेऊन आत आल्या आणि चटईवर, अगदी मांडीला मांडी लावून बसल्या.

"अहो अक्का, शिवलात की!"

"शिवले." अक्कांनी कॉफीचा घोट घेतला. "मागच्या दोरीवर दोन महिने कापड वाळत नाही, जमने. मोतीबिंदू असला तरी दोरी दिसते मला."

जमनाबाईंची मान खाली गेली. अक्का बाहेरच्या खोलीत पेपर वाचणाऱ्या मुलाकडे वळून ओरडल्या,

"उमाजी! मला शिवलं रे. आजचा स्वयंपाक तुझ्याकडे."

पेपर खाली आला. "आंघोळ केलीस की झालं ना, अक्का?"

"संध्याकाळी करीन. भाताला लिंबू पिळून चित्रान्न कर. मिरची स्वल्पच घाल."

अक्कांनी भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले. उशीखाली हात घालून पुस्तक काढलं, डोळ्यांजवळ नेलं आणि सुनेच्या मांडीवर ठेवलं.

"पहिल्या पानापासून वाच," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं."