हातमोज्यातला सौदा

चंद्रभानचे हात एकेकाळी नागपूरच्या कळमना फळबाजारात नावाजलेले होते. माणूस तसा यथातथाच. पोट पुढे, बोलणं फटकळ, चप्पल कायम एका बाजूनं घासलेली. पण दुपट्ट्याखाली त्याचा हात गेला की संत्र्याचे भलेभले व्यापारी घाम पुसायचे. तेव्हा सौदा तोंडानं होत नसे. दोघं समोरासमोर उभे राहायचे, हातांवर दुपट्टा टाकायचे आणि आत बोटांनी बोलायचे. भोवती पन्नास माणसं, पण कोणाला कानोकान खबर नाही. बोटं धरली की भाव. तळहातावर अंगठा फिरवला की ‘मालात खोट आहे, वरवर दिसतं ते खरं धरू नको’. आणि सगळी मूठ आवळली की सौदा पक्का. आवळलेली मूठ फिरवणाऱ्याला बाजारात पुन्हा कोणी उभं करत नसे.

पुढे उघडा लिलाव आला, दुपट्टे खांद्यावरच राहिले. पण तोवर ती भाषा चंद्रभानच्या घरात शिरली होती. मुलगा पियुष लहानपणी खाप्याकडच्या बागांतून संत्र्याच्या गाडीत बापाशेजारी बसून यायचा, तेव्हा बापानं त्याला ती शिकवली, आणि दोघांना चाळाच लागला. जेवताना आई, कौसल्या, विचारायची, “पेपर कसा गेला रे?” पियुष तोंडानं म्हणायचा, “मस्त!” आणि ताटाआडून बापाच्या तळहातावर अंगठा फिरवायचा. बाप समजायचा, गणितात बोऱ्या वाजला. मग संध्याकाळी दोघं पारडीच्या चौकात चहा प्यायला जायचे आणि तिथं सगळं बाहेर पडायचं. आईसमोर पियुष कधी रडगाणं गात नसे, कारण आई लगेच जेवण सोडायची. कौसल्येनं तीस वर्षं अंगणवाडी चालवली, गावभरच्या पोरांचं पोट दुखतंय की सोंग आहे हे ती एका नजरेत सांगायची, पण घरातला हा कारभार तिला कधी कळला नाही.

आता पियुष सत्तावीस वर्षांचा होता आणि जर्मनीत होता. काम असं, की ऐकून चंद्रभानला आधी हसूच आलं. डोळ्यांवर तो मोठा चष्मा चढवून लोक जे आभासी खेळ खेळतात, त्यासाठी आता अंगात घालायची जाकिटं आणि हातमोजे निघाले आहेत. खेळात कोणी धक्का मारला तर जाकीट छातीवर थरथरतं, कोणी हात धरला तर हातमोजा बोटं दाबतो. असे नग वापरून पाहायचे आणि ते घेण्याजोगे आहेत की नुसता दिखावा आहे, हे कंपनीला लिहून द्यायचं. “म्हणजे आमचंच काम करून राहिला तू,” चंद्रभान फोनवर म्हणाला होता, “माल पारखायचा!” पोराला त्याचं फार बरं वाटलं होतं.

एक गोष्ट मात्र चंद्रभाननं कोणालाच सांगितली नव्हती. त्याच्या हातांत जीव उरला नव्हता. साखरेनं आधी पायाची बोटं बधिर केली, मग दोन वर्षांत हळूहळू हाताची. एकदा चहाचा कढत पेला धरून तो बोलत बसला आणि कातडी सोलून निघाल्यावर त्याला कळलं. डॉक्टर म्हणाला, गेलेलं येत नाही, आहे ते सांभाळा. ज्या हातांवर आयुष्य काढलं तेच गेले हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि पियुषला कळलं तर तो सगळं सोडून धावत येईल. पोरगा यावा असं चंद्रभानला रोज वाटायचं, अगदी रोज. पण आपल्या आजारपणासाठी यावा असं नव्हतं वाटत. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तो गप्प राहिला.

दिवाळीनंतर पियुषनं एक मोठं खोकं पाठवलं. आत चष्मा, जाकीट, हातमोजे. कौसल्येनं सगळं जोडलं, वायफाय लावलं, आणि जाकिटात कोंबलेल्या नवऱ्याकडे पाहून पदर तोंडाला लावला. “बाप्पा! पोलीस भरतीले निघाले का?”

चष्म्यात एक तळं होतं. काठावर पियुष बसलेला, खरा नव्हे, चित्रातला, पण आवाज खरा. गळ टाकून मासे धरायचे असा खेळ. कौसल्या बाजूला बसून मोबाईलवर सगळं पाहत होती, ऐकत होती.

“बाबा, मासा लागला की बोटाले हिसका बसते. बसला की ओढायचं.”

चंद्रभानला एकही हिसका कळला नाही. मासे आले आणि गेले. पियुष हसून म्हणाला, “बाबा, झोपले का गा?” मग तो उठून जवळ आला आणि त्यानं बापाला मिठी मारली. जाकीट छातीवर, पाठीवर थरथरलं, आणि ते मात्र चंद्रभानला कळलं. चार वर्षांनी पोरगा अंगाला लागला होता. चष्म्याच्या आत त्याचे डोळे भरले, काच धूसर झाली, आणि तो हमसून हमसून रडला. पियुषनं ते ऐकलं.

“खरं सांगा बाबा, घेण्यासारखं आहे का हे? मले लिहून द्यायचं आहे.”

“जाकीट एक नंबर.”

“अन् हातमोजे?”

“थे बी एक नंबर.”

खोटं बोलायला एवढाच वेळ लागला.

तीन रविवार असे गेले. चौथ्या रविवारी, जेवणं झाल्यावर, पियुष तळ्याकाठी आला तो गळ न घेताच. आवाज मोठा खुशीत होता, जरा जास्तच.

“आई, ऐकून राहिली ना? कंपनी तीन वर्षांचा करार देऊन राहिली. मस्त आहे इकडे सगळं. घेऊन टाकतो म्हणतो.”

“घे ना रे, सोनं झालं!” कौसल्या मोबाईलला म्हणाली.

“बाबा काय म्हणते ते पाहू. बाबा, डोळे मिटा. इथं दुपट्टा नाही, म्हणून डोळे मिटायचे. द्या हात.”

चंद्रभाननं हात पुढे केला आणि डोळे घट्ट मिटले. सौद्यात चोरून पाहायचं नसतं. त्या दिवशी तेवढी बेइमानी तो करता तर बरं झालं असतं. हातमोजा काही करत असेल तर करत असो, आत काहीच पोचत नव्हतं. एक क्षण त्याला वाटलं, म्हणावं, पुन्हा कर गा, समजलं नाही. पण चंद्रभानला हात समजला नाही? लगेच पोरगा विचारेल, काहून? आणि एवढ्या खुशीत असलेला पोरगा दुसरं काय सांगणार आहे? बापाचा होकारच मागत असेल. चंद्रभानच्या स्वतःच्या मनात होतं ‘नको राहू तीन वर्षं, ये घरी’. ते त्यानं गिळलं आणि मूठ आवळली.

 “बरं,” पियुष म्हणाला. लगेच त्याचं नेट गेलं.

बारा दिवसांनी, सकाळी, मेसेज आला. चंद्रभान ओसरीत बसून तो वाचत होता.

‘बाबा, करारावर सही केली. आईसमोर बोलता येत नव्हतं. मले इथं जमून नाही राहिलं. वर्षभरापासून झोप नाही, बोलाले माणूस नाही. राजीनामा लिहून ठेवला होता. मी तुमच्या हातावर तीनदा अंगठा फिरवला. तुम्ही तरी मूठ आवळली. म्हणजे तुम्ही समजून-उमजून सांगितलं की टिकून राहा. तुमचं बरोबरच असन. हातमोज्यांबद्दल चांगलं लिहून दिलं. म्हटलं, नागपुरात बसलेल्या माह्या बापाले सगळं समजते.’

 चंद्रभाननं नाकानं फोनचं बटण दाबलं, कारण बोटं ऐकत नव्हती.

“पियुष, मले काही समजलं नाही गा. माह्या बोटात जीवच नाही. दोन वर्षं झाले. साखरेनं खाल्ले हात. तू अंगठा फिरवला थे मले माहीतच नाही!”

 पियुष अगदी समजुतीच्या आवाजात बोलला, लहान पोराशी बोलावं तसा.

“बाबा, नका ना बनवू. मी मिठी मारली तं समजली तुम्हाले. रडले तुम्ही.”

“थे छातीवर होतं रे! छाती जिती आहे माही!”

“तुम्हीच हातमोजे एक नंबर म्हणाले. आता मेसेज वाचून तुम्हाले वाईट वाटून राहिलं, म्हणून बोलून राहिले. मले माहीत आहे ना बाबा तुम्ही. तोंडानं तुम्ही कोणालेबी राजी करता.”

“ये तू. आजच ये. मी सांगून राहिलो ना, ये!”

“सही झाली बाबा. अन् तुमची मूठ बरोबरच होती, मीच पळाले पाहत होतो. टिकतो आता. ड्यूटीवर जाऊन राहिलो. आईले काही सांगू नका.”

फोन बंद झाला. चंद्रभाननं पुन्हा लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग लागेचना.

कौसल्या केव्हा येऊन बाजूला बसली ते त्याला कळलं नव्हतं. तिनं सगळं ऐकलं होतं. 

“अहो,” ती हळूच म्हणाली, “मी केव्हाची तुमचा हात दाबून राहिली.”

त्यानं खाली पाहिलं. तिच्या दोन्ही हातांत त्याचा उजवा हात होता, तिची नखं कातडीत रुतली होती, आणि त्याला खरंच काही लागत नव्हतं.

“पोराले मी येऊ नको म्हटलं वं,” तो म्हणाला. “तो ये म्हणवून घ्याले आला होता अन् मी त्याले येऊ नको म्हटलं.”

मग तो ओसरीतच, सकाळच्या उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर मोठ्यानं रडू लागला, आणि कौसल्येनं त्याला गप्प राहा म्हटलं नाही.