शिवणवर्गाची पाटी

१९८४ साल. नवी वकीलबाई स्टुलावर चढून शिवणवर्गाची पाटी उतरवत होती आणि वर्गाच्या बाई खाली स्टूल धरून उभ्या होत्या. मनातून त्यांना ते गदागदा हलवावंसं वाटत होतं.

महिला मंडळ त्यांनीच काढलेलं, तेवीस वर्षांपूर्वी. काल एका मताच्या फरकाने ठराव झाला होता : वर्ग बंद, त्याच खोलीत मारझोडीने गांजलेल्या बायकांसाठी मदत केंद्र. नवी पाटी रंगवून भिंतीला टेकवलेली होती.

“लोकांच्या घरात डोकावणं हे आपलं काम नव्हे.”

“मग जन्मभर काजंच करायची का, बाई?”

बाई तणतणत आत गेल्या. कात्री उचलली, ठेवली. खिडकी उघडली, लावली. कोपऱ्यातल्या मशीनवर ‘तिरकी टीप’ एकटीच बसली होती. नाव बाईंनीच पाडलेलं. सरळ टीप जमली की परीक्षेत पास आणि वर्गातून मोकळी, असा नियम. ही नऊ वर्षं नापास. दर वेळी बाई तिला सगळं उसवायला लावत.

“सुटलीस गं बाई एकदाची माझ्या तावडीतून.”

तिने फडकं पुढे सरकवलं. टीप पट्टीने आखल्यासारखी होती.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “हे कधी जमलं तुला?”

“पहिल्याच वर्षी. पास झाले असते तर दुपारचं घराबाहेर पडायला निमित्त काय होतं?” तिने बाही खाली ओढली, दंडावरचा वळ तरीही दिसलाच. “शिवणाला जाते म्हटलं की ते सोडतात. त्या नव्या पाटीखाली कोण सोडेल मला?”

बाई तरातरा बाहेर आल्या.

“उतर खाली.”

“अहो, ठराव झालाय!”

“केंद्र आत्ता सुरू कर. आत एकजण बसलीय, तिचं ऐक. पण पाटीला हात लावलास तर याद राख.”

वकीलबाईने त्याच पाटीखाली एकोणीस वर्षं केंद्र चालवलं; गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा कुठे सोडलं. बाई ऐंशी ओलांडून गेल्या. शिवणाची परीक्षा शेवटपर्यंत त्याच घेत, फक्त पास करण्याआधी प्रत्येकीला विचारून घेत. तिरकी टीप तिसऱ्या वर्षी लेकीला घेऊन परगावी गेली. तिथे वसतिगृहात कामाला लागली. शिवणाच्या मशीनला तिने पुन्हा हात लावला नाही.