सासूबाईंची बारा मिनिटं

प्रशिक्षकाला त्याचे शिष्य पाठीमागे भोंगा म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तलावाच्या काठावर उभं राहून भल्या माणसांचा पाणउतारा करणं, ही त्याची एकमेव विद्या. डॉक्टर, वकील, बँकेतले साहेब पदरमोड करून त्याची बोलणी खायला यायचे.

मग त्याच्या सासूबाई निवृत्त झाल्या. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होत्या. घरी बसल्यावर तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचा अर्ज भरला. दोन किलोमीटर पोहणं, नव्वद किलोमीटर सायकल, वर एकवीस किलोमीटर धावणं, सगळं साडेआठ तासांत.

"आईला नाही म्हणायची छाती असेल तर तूच सांग," बायको म्हणाली. छातीचा अंदाज घेऊन झाला आणि सराव सुरू झाला.

पहिल्या दिवशी सासूबाईंचा हात पाण्यात वाकडा पडत होता. भोंग्याने सवयीने मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, "आई, हात जरा लांब टाकता का? म्हणजे, जमलं तर." शेजारून पोहणारे वकीलसाहेब काठ धरून ऐकतच राहिले. पाच वर्षांत 'जमलं तर' त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

बाकी सासूबाई तक्रारीला जागा ठेवत नव्हत्या. सहाच्या सरावाला पावणेसहाला हजर. फक्त पाण्यातून बाहेर आल्या की खुर्चीवर बसायच्या, पायाच्या बोटांमधली एकेक बेचकी पुसायच्या, टॉवेलची चौपदरी घडी घालायच्या, मगच सायकलला हात लावायच्या. यात बारा मिनिटं जायची. भोंगा रोज घड्याळ बघायचा. उद्या बोलू, उद्या बोलू म्हणता म्हणता सात महिने गेले.

शर्यतीच्या दिवशी सासूबाई झकास पोहल्या आणि कपडे बदलायच्या तंबूत जाऊन शांतपणे बोटं पुसत बसल्या. धावताना तर त्यांनी निम्म्या वयाच्या दोघांना मागे टाकलं. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा वेळ संपून सहा मिनिटं झाली होती. उरलेली पदकं खोक्यात भरली जात होती.

त्या गवतावर बसल्या. "सहा मिनिटं कुठे गेली, जावईबापू?"

"टॉवेलात," तो पुटपुटला.

"तुम्हाला दिसत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही आई आहात."

"पेशंट टेबलावर असताना मी भल्याभल्या सर्जनना टाके घालण्याआधी थांबवून, आत एखादा राहू नये म्हणून कापसाचे बोळे परत मोजायला लावलेत. तिथे कुणाची भीड धरली असती, तर काय झालं असतं?"

त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं. गावाला फैलावर घेणारा माणूस आपले बूट न्याहाळत उभा राहिला.

सासूबाई उठल्या, लंगडत आयोजकांच्या टेबलापाशी गेल्या आणि पुढच्या वर्षीचा अर्ज भरला. प्रशिक्षकाच्या नावाचा रकाना तेवढा रिकामा ठेवून त्यांनी पेन जावयापुढे धरलं.

"ओरडता येणार असेल तर लिहा. नाहीतर मी दुसरा बघते."

त्याने लिहिलं. बायको खांद्यावरून बघत होती, त्यामुळे अक्षर जरा वाकडं आलं.