सांभाराचं बी

वऱ्हाडात सांभार म्हणजे कोथिंबीर. हे बंदरावरून माल सोडवणाऱ्या मुंबईच्या एजंटाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, आणि देवानंदला ते त्याला सांगावं असं सुचलंच नाही. सगळा घोळ तिथून झाला.

अकोल्यात मनकर्णाबाईंची बियाण्यांची कंपनी. बाहेरदेशातून बी मागवायचं काम धाकटा भाऊ देवानंद पाहायचा. फोनवर तो एजंटाला म्हणाला, "सांभाराचं बी आहे." एजंटानं आपल्या अकलेनं कागदावर लिहिलं, सांभार मसाला! मंजुरीसाठी तो कागद बाईंच्या मोबाइलवर आला, तेव्हा बाई मूर्तिजापूरला लग्नाच्या पंगतीत बसलेल्या.

"ताई, एकदा वाचून घे ना वं," देवानंद फोनवर म्हणाला.

"तू हायेस ना! मले जेवू दे." बाईंनी एजंटाला अंगठा पाठवला आणि जिलबी उचलली.

आता बी पेरणीचं, त्याला चोळलेलं विषारी औषध, आणि कागदावर मात्र खायचा मसाला! माल बंदरावर अडकला. कंपनीचा आयात परवानाच जातो की काय, अशी वेळ आली.

एजंट मोठा चतुर. म्हणाला, "बाई, भावाची चूक म्हणून लिहून द्या. त्याला काढल्याचं दाखवा, म्हणजे तुम्ही सुटलात."

संध्याकाळी देवानंद स्वतःच दारात येऊन उभा राहिला. "ताई, मले काढून टाक. तुई कंपनी तरी वाचेल."

बाईंना भडभडून आलं. कडेवर घेऊन वाढवलेलं पोर हे! "मोठा आला शहाणा! बस खाली, भाकर खा," त्या खेकसल्या.

मग बाई स्वतः मुंबईला गेल्या. कस्टमच्या साहेबांनी विचारलं, "चूक कोणाची?"

"माही, साहेब. कंपनी माही, मंजुरी माही. न वाचता देल्ली. हे बी कोणाच्या पोटात गेलं असतं तर मी काय तोंड दाखोलं असतं?"

देवानंदनं बियाण्याचा परवाना आधीच बरोबर नावानं काढून ठेवला होता, म्हणून निभावलं. दंड बसला, कागद दुरुस्त झाला, माल सुटला.

अकोल्यात परतल्यावर बाईंनी सगळ्या ऑफिसला गोळा केलं. "ऐका रे! आजपासून देवानंद नाई म्हणला, तं माल हलनार नाई. मी म्हणलं तरी नाई." टाळ्या पडल्या. बाई खूश होऊन भावाकडे वळल्या. "बरं, ते गाजराचं बी जहाजावर चढवाले सांग. दुकानदार बोंबलून राहिले."

देवानंद म्हणाला, "नाई, ताई. त्याचा परवाना अजून आला नाई."

इतक्या वर्षांत बाईंना कोणी तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. आता काय फुटतंय, म्हणून कारकून खाली पाहू लागले.

"बरं," बाई म्हणाल्या. "थांबू मंग."

केबिनचं दार लावून त्यांनी पदरानं डोळे पुसले. भाऊ आज खरा कामाचा झाला, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी गाजरवाल्या दुकानदारांना स्वतःच एकेक फोन लावला आणि सगळ्यांच्या शिव्या निमूट ऐकून घेतल्या.