जॅकेटची दोरी

गार्ड तिला मागून 'तोफ' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. सिक्युरिटी कंपनी थोरल्या भावाची, पण पिस्तूल कमरेला लावून ड्युटीवर कोण जाणार हे ठरायचं तिच्या सहीने. आज मात्र समोर परीक्षेला उभा होता तिचाच भाचा, दादाचा मुलगा, आणि दादा जातीने हजर होता.

"सही करून टाक ना," दादा म्हणाला. "घरचंच पोर आहे."

"म्हणून तर नाही करत."

भाच्याचा हात विजेसारखा चालायचा. पिस्तूल काढायचा, रोखायचा आणि खाली न बघता खाडकन कमरेच्या होल्स्टरमध्ये कोंबायचा. पोरं टाळ्या वाजवायची. आत्याला मात्र ते पटत नसे. काढायची घाई एकवेळ समजते, ठेवायची घाई कशाला? तिने हजारदा सांगितलं होतं, आत टाकताना बघ, सावकाश टाक. पण बघून ठेवणं म्हणजे नवखेपणा, हे खूळ त्याच्या डोक्यातून जाईना.

"अगं, या पिस्तुलाला तीन सेफ्टी आहेत," दादा म्हणाला. "पडलं तरी उडत नाही."

"पडलं तर नाही उडत. पण चाप दाबला गेला की तिन्ही सेफ्टी बाजूला होतात. दाबणारं बोट आहे की आणखी काही, ते त्याला कळत नाही."

तिने पिस्तुलातून गोळ्यांचं मॅगझिन काढलं, स्लाइड ओढली, आत बोट घालून पाहिलं, दादालाही दाखवलं. मग स्लाइड सोडून रिकामं पिस्तूल स्वतः बघून भाच्याच्या होल्स्टरमध्ये ठेवलं.

"दादा, चार हात लांब उभा राहा."

"रिकामंच आहे की," म्हणत दादा मुलाच्या उजव्या हाताला, अगदी खेटून उभा राहिला.

भाच्याने पिस्तूल काढलं, समोरच्या, गोळ्या अडवायच्या वाळूच्या भिंतीवर रोखलं आणि नेहमीसारखं खाडकन आत कोंबलं.

टक्.

भाचा जागच्या जागी थिजला. बोट तर त्याने बाहेरच ठेवलं होतं. आत्याने वाकून पाहिलं. त्याच्या नव्या जॅकेटची कमरेची दोरी होल्स्टरच्या तोंडात गेली होती आणि दोरीच्या टोकाचं प्लास्टिकचं बोंड चापावर दाबून बसलं होतं.

"दोरी कापून टाकू," दादा घाईघाईने म्हणाला. "झालं की मग."

"उद्या शर्टाचं टोक जाईल. ते पण कापशील?" तिने पेन खिशात घातलं. "तो बघून ठेवायला शिकेपर्यंत मी सही करणार नाही."

"मग उद्यापासून तू येऊ नकोस. सही करणारे छप्पन मिळतील मला."

तिला लागलं. ही कंपनी उभी करताना तिने रक्ताचं पाणी केलं होतं. पण उद्या पोराच्या पायात गोळी गेली, तर दवाखान्यातून वहिनीला फोन आपल्यालाच करावा लागेल, हेही तिला दिसत होतं.

"नाही येत," ती म्हणाली. "पण जायच्या आधी एक सांग. रिकामं आहे हे तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस. सेफ्टीही तीन-तीन आहेत. मग टक् झाल्यावर पाय का मागे घेतलास?"

दादाने खाली पाहिलं. त्याचा उजवा पाय होता तिथेच होता, मुलाच्या होल्स्टरकडचा डावा पार हातभर मागे गेला होता. भाच्यानेही तो पाहिला. त्याने पट्टा सोडला आणि होल्स्टर पिस्तुलासकट आत्यासमोर टेबलावर ठेवलं, दोन्ही हातांनी, होल्स्टरकडे बघत, सावकाश.